योहान कोणता, मरीया कुठली?

दर वर्षी चोवीस जूनला गोव्यात पावसाने भरलेल्या विहिरींवर गर्दी जमते. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली पोरे धडाधड पाण्यात उड्या घेतात. हा सांजावचा सण. रत्नागिरीहून तो बघायला गेलेल्या पाहुण्यांपैकी एखादा हमखास विचारतो, ‘हा सां जुआंव म्हणजे कोण?’ उत्तर बरेचदा असे येते, ‘येशूचा शिष्य. बायबलमधले एक पुस्तक त्याच्याच नावावर आहे.’ हे उत्तर चुकीचे आहे. ज्याच्या नावाने सण होतो तो योहान वेगळा. तो यार्देन नदीवर लोकांना बाप्तिस्मा देणारा, जखऱ्या आणि अलीशिबा यांचा मुलगा.

उडी का मारायची, याचे उत्तर लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. मरीयेला दिवस गेले असताना ती नात्यातल्या अलीशिबेला भेटायला गेली. तिचा आवाज कानी पडताच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, असे लूक सांगतो. गोवेकरांची विहिरीतली उडी ती. तारीखही तिथेच सापडते. मरीयेला देवदूताने निरोप दिला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळ पंचवीस डिसेंबरला धरला, तर योहानाचा जन्म जूनच्या अखेरीस येतो. सणाविषयीचे दोन प्रश्न एका अध्यायात सुटले.

बायबलमधली माणसे आणि उतारे यांच्याबद्दल लोक जे नेहमी विचारतात, त्यातले बहुतेक असेच सुटतात. त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र उत्तर देण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: पानावर काय लिहिले आहे, परंपरा काय सांगते आणि लोकांनी अंदाजाने काय जोडले आहे. नाताळचे नाटक बसवणारे शिक्षक, प्रश्नमंजूषा तयार करणारे ग्रंथपाल, शेजारच्या ख्रिस्ती घरातून आलेल्या कुतूहलाने प्रश्न विचारणाऱ्या मुलांचे आईवडील, या सगळ्यांना हे तीन कप्पे उपयोगी पडतात.

आधी पत्ता वाचायला शिकावे

‘लूक १:४१’ असे लिहिलेले दिसले, की लूक हे पुस्तक, पहिला अध्याय, एकेचाळिसावे वचन. कोणत्याही आवृत्तीत, कोणत्याही भाषेत हा पत्ता जवळपास सारखाच लागतो. पण हे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या आरंभी, ते इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनने. नव्या कराराची आजची वचने १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने आखली. त्यामुळे अध्याय संपला म्हणजे बोलणे संपले असे समजू नये. कोणी एखादे वचन तोंडावर फेकले, तर त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचावीत. निम्मे वाद तिथेच मिटतात.

पुस्तके किती, हाही नेहमीचा प्रश्न. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच. फरक जुन्या करारात आहे: तोबीत, बारूख, मक्काबी वगैरे सात पुस्तके कॅथलिक प्रतीत जास्त असतात. म्हणून ‘माझ्या प्रतीत हे पुस्तकच नाही’ अशी तक्रार आली, तर आधी प्रत कोणाची आहे ते पाहावे.

मराठी वाचकाला एक सोय आपोआप मिळते. नव्या करारातल्या पत्रांची नावे पाहा: रोमकरांस, करिंथकरांस, इफिसकरांस, फिलिप्पैकरांस. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरकर, पावसकर, मालगुंडकर राहतात, तिथे हे समजावून सांगावे लागत नाही. करिंथ गावचे ते करिंथकर. पौलाने त्या गावच्या मंडळीला लिहिलेले ते पत्र. आणि ते खरोखरच पत्र आहे. आपण वाचतो ते एकाच बाजूचे टपाल असते. गावकऱ्यांनी आधी काय विचारले होते, कोणाचे कोणाशी भांडण झाले होते, हे उत्तरावरून ताडावे लागते. पौलाच्या एखाद्या कडक वाक्यावर मत बनवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक नाव, चार माणसे

कोकणातल्या एका वाडीत चार सदानंद असले, तर लोक वडिलांचे नाव, धंदा किंवा घराची खूण जोडून त्यांना ओळखतात. बायबलही तेच करते. जब्दीचा मुलगा योहान हा मासेमार शिष्य. बाप्तिस्मा करणारा योहान वेगळा. जब्दीचा मुलगा याकोब आणि अल्फीचा मुलगा याकोब हे दोघेही बारा शिष्यांत आहेत. येशूचा भाऊ म्हणवला जाणारा याकोब तिसरा. जुन्या करारातला, ज्याचे नाव पुढे इस्राएल झाले, तो याकोब चौथा.

इथे मराठी बायबल इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहे. इंग्रजीत जुन्या करारातला तो जेकब आणि नव्या करारातला तो जेम्स, त्यामुळे दोन्ही नावे मुळात एकच आहेत हे इंग्रजी वाचकाच्या लक्षात येत नाही. मराठीत दोघेही याकोब. यहूदाचेही तसेच: याकोबाचा चौथा मुलगा यहूदा, येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत आणि छोटेसे पत्र लिहिणारा यहूदा. खुद्द येशू हे नाव जुन्या करारातल्या यहोशवा या नावाचेच पुढचे रूप आहे.

हेरोदाने तर अनेकांना चकवले आहे. बेथलेहेमच्या बाळांवर उठलेला तो थोरला हेरोद (मत्तय २). बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात देणारा त्याचा मुलगा हेरोद अंतिपा (मार्क ६). जब्दीच्या याकोबाला तलवारीने मारणारा त्याचा नातू हेरोद अग्रिप्पा (प्रेषितांची कृत्ये १२). तीन पिढ्या, एकच नाव. नाटकात तिघांना एकाच मुकुटात उभे केले, तर तो म्हातारा ऐंशी वर्षे राज्य करतो.

सगळ्यात जास्त अन्याय झाला तो मग्दालीया मरीयेवर. मग्दालीया म्हणजे मग्दाला गावची; आपल्याकडे ती मग्दालाकर झाली असती. तिच्यातून सात भुते निघाली होती, असे लूक ८:२ मध्ये आहे. ती क्रुसापाशी होती आणि रिकामी कबर पाहणाऱ्यांतही होती. ती वेश्या होती असे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही. लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय अश्रूंनी भिजवणारी एक पापी स्त्री येते, तिचे नाव दिलेले नाही. बेथानीची मरीया, म्हणजे मार्था आणि लाजर यांची बहीण, ही आणखी वेगळी. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात या तिघींची एकच स्त्री केली, आणि पुढची कित्येक शतके चित्रकारांनी तीच रंगवली. कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिकेत हा घोळ दूर केला आणि २०१६ मध्ये तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणाइतका मान दिला. तरी चित्रपटांत ती अजून जुन्याच वेषात येते.

शौलाचा पौल झाला, तो ख्रिस्ती झाल्यावर नाव बदलून, हेही असेच रुळलेले उत्तर. दमास्कसच्या वाटेवरचा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. त्यानंतरही कितीतरी पाने त्याला शौलच म्हटले आहे. तेराव्या अध्यायात ओझरते सांगितले आहे, की त्याला पौल असेही म्हणत. घरचे यहुदी नाव एक आणि रोमी जगात वावरायचे दुसरे. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आळीत दुसरे नाव घेऊन वाढलेल्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. दमास्कसच्या वाटेवर तो घोड्यावरून पडला, हे तर निव्वळ चित्रकारांचे देणे. त्या उताऱ्यात घोडाच नाही.

जे पानावर नाही

घोड्यासारखे सफरचंदही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फक्त ‘फळ’ आहे. झाडांपैकी नाव येते ते अंजिराचे, आणि तेही पाने शिवून अंग झाकण्यापुरते. युरोपात सफरचंद आले, त्यामागे लॅटिनचा हात असावा असे मानतात, कारण तिथे वाईटपणा आणि सफरचंद यांचे शब्द जवळजवळ सारखे आहेत. चित्रकार रत्नागिरीचा असता, तर हव्वेच्या हातात हापूस आला असता.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी, तीनच होते का? मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात त्यांचा आकडा दिलेला नाही. देणग्या तीन आहेत: सोने, ऊद, गंधरस. त्यावरून माणसे तीन झाली, मग ते राजे झाले, मग त्यांना गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही नावे मिळाली. शिवाय मत्तयच्या सांगण्यात ते घरात येतात. गव्हाणी आणि मेंढपाळ लूककडे आहेत. नाताळच्या देखाव्यात सगळे एकाच छपराखाली उभे असतात, कारण देखावा दोन पुस्तके एकत्र करून बसवलेला असतो. देखाव्यात त्याने काही बिघडत नाही. प्रश्नमंजूषेत मात्र ‘मागी किती?’ हा प्रश्न घालू नये.

योनाला कोणी गिळले? नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू येऊन लागले होते आणि त्याला परत पाण्यात ढकलायला सगळा गाव धावला होता. तिथल्या मुलांना योनाची गोष्ट सांगितली, तर ती साहजिकच देवमासा म्हणणार. योनाच्या पुस्तकात शब्द आहे ‘मोठा मासा’. मत्तय १२:४० मधला ग्रीक शब्दही कोणत्याही अजस्र जलचराला लागू पडतो. जात सांगितलेली नाही.

काइनाला बायको कुठून मिळाली, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. उत्पत्ती ४:१७ मध्ये बायको आहे, तिचे माहेर नाही. पुढच्याच अध्यायात आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्याचे लिहिले आहे. म्हणून परंपरेने ती बहीण मानली. पानाने सांगितले एवढेच, बाकीचे जुळवलेले.

परंपरेला तिच्या जागी मान

पानावर नाही म्हणजे खोटे, असाही हिशेब करू नये. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी आठवण कोकणातला बेने इस्राएल हा यहुदी समाज सांगतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली मराठी बोलत आणि एलियाहू संदेष्ट्याची आठवण जपत. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा. पोहे, खोबरे आणि फळे मांडून मलिद्याचा विधी होतो, त्यात त्याचे नाव घेतले जाते.

मराठी बायबलातला एलीया तो हाच. तो अग्निरथात बसून स्वर्गात गेला, असे सगळेच सांगतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (२:११) नीट पाहिले तर अग्निरथ येऊन एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यांची ताटातूट करतो, आणि एलीया वर जातो तो वावटळीत. कोकणच्या खडकाचा उल्लेख अर्थातच तिथे नाही. पण हा संदेष्टा मेला नाही, तो परत येतो, या समजुतीला आधार त्याच प्रसंगाचा आणि मलाखीच्या शेवटच्या वचनांचा. म्हणून कोणी विचारले तर उत्तर दोन वाक्यांत द्यावे: ग्रंथ असे म्हणतो, आणि आपल्याकडचे बेने इस्राएल असे मानतात. दोन्ही वाक्ये खरी आहेत.

दोन ठिकाणी दोन गोष्टी

गल्याथाला कोणी मारले? दावीदाने, गोफणीने, १ शमुवेल १७. मग २ शमुवेल २१:१९ मध्ये मारणारा एलहानान कसा? आणि १ इतिहास २०:५ मध्ये तोच एलहानान गल्याथाच्या भावाला, लहमीला, कसा मारतो? अशा वेळी गडबडून जाऊ नये आणि दडवूही नये. काही अभ्यासक म्हणतात, शमुवेलाच्या त्या ओळीत नकलनविसाची चूक झाली. काहींच्या मते पराक्रम मुळात एलहानानाचा होता, पुढे तो दावीदाच्या नावावर चढला. वाचकासमोर तिन्ही पत्ते ठेवावेत. गल्याथाच्या उंचीचेही तसेच: नेहमीच्या हिब्रू पाठात सहा हात आणि एक वीत, तर मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळीत आणि जुन्या ग्रीक अनुवादात चार हात आणि एक वीत. पहिला साडेनऊ फुटांच्या वर जातो, दुसरा पावणेसात फुटांवर थांबतो.

यहूदा इस्कर्योताचा शेवटही दोन तऱ्हेने सांगितला आहे. मत्तय २७:५ मध्ये तो गळफास घेतो. प्रेषितांच्या कृत्यांत (१:१८) तो शेतात कोसळतो आणि त्याचे पोट फुटते. काहीजण दोन्ही एकापुढे एक जोडतात, काहीजण त्या दोन स्वतंत्र आठवणी मानतात.

उताऱ्याचा अर्थ लावताना काळही पाहावा. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे आज सूडाचे घोषवाक्य म्हणून वापरले जाते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात तो कायदा आहे, आणि तो सूडाला लगाम घालतो: एका डोळ्याबद्दल एकच डोळा, अख्खे कुटुंब नव्हे. त्याआधी उत्पत्तीत लामेख सत्याहत्तरपट सूडाची फुशारकी मारतो, ते शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. येशू मत्तय ५:३८ मध्ये या कायद्याचा उल्लेख करून त्याच्याही पुढे जातो.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे येशू म्हणतो; त्या उंटाची वाट मात्र अनेकांनी परस्पर रुंद केली आहे. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि उंट ओझे उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाई, असे प्रवचनांत ऐकू येते. त्या काळी असा दरवाजा होता याचा काही पुरावा नाही. यहुद्यांच्या बाबिलोनी तालमूदात सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची गोष्ट आहे. तिकडचा हत्ती तसा इकडचा उंट. मार्कच्या दहाव्या अध्यायात हे ऐकून शिष्य चकित होतात. वाक्य सोपे असते, तर ते चकित का झाले असते?

प्रत कोणती घ्यावी

या किनाऱ्यावर बायबलविषयीचे प्रश्न नवे नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात नवा. लोक शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी. विल्यम केरीने १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार काढला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, पुढे हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्याचा उपयोग बेने इस्राएलांना झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने अख्ख्या बायबलचा अनुवाद केला. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी तो हातावेगळा केला. अलीकडच्या वाचकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळचे वाटते.

नित्याच्या वाचनाला बायबल सोसायटीची प्रत घ्यावी, तिच्यातले पत्ते सगळीकडे चालतात. भाषा जड वाटली तर दिब्रिटोंची प्रत शेजारी ठेवावी. एखादे वचन अडले, तर दोन अनुवाद पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. फोनवरच्या अॅपमध्ये मराठी प्रत फुकट मिळते. तिथे नाव शोधता येते, त्यामुळे ‘याकोब’ किती जागी येतो ते क्षणात दिसते. आणि श्रद्धेचा प्रश्न असेल, तर तो पाळकांना किंवा फादरांना विचारावा. नेटवरच्या भांडणातून त्याचे उत्तर मिळत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक साधारण १८९३ मध्ये राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यांना पुस्तकाची फारशी गोडी नव्हती, पण वाचीन असा शब्द दिला होता. पेन्सिल घेऊन ते खुणा करत वाचू लागले आणि मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थबकले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचा मार्ग ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. पेन्सिल मात्र प्रत्येकाने घ्यावी. अडले तिथे प्रश्नचिन्ह, पटले तिथे रेघ, नाव आले तिथे समासात बापाचे किंवा गावाचे नाव.

सुरुवात उत्पत्तीपासून करणारे बहुतेकजण लेवीयच्या यज्ञविधींत अडकतात आणि पुस्तक मिटतात. त्यापेक्षा मार्कपासून सुरू करावे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत हे सर्वांत लहान, अवघे सोळा अध्याय. सोळाव्यात नवव्या वचनापाशी तळटीप किंवा कंस दिसला तर दचकू नये: चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत तिथपासूनची बारा वचने नाहीत, एवढेच ती खूण सांगते. सलग वाचायला दीड तास पुरतो. रत्नागिरीहून एसटीत बसताना पुस्तक उघडले, तर चिपळूण येण्याआधी ते वाचून होते.